वाचकांचे प्रश्न : टेनिसचे बूट आणि आपले पाय

टेनिसच्या बुटांबद्दल बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या पट्ट्यातून आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. लांब पत्रांतला मुद्दा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : आठवड्यातून पाच दिवस, सकाळी दीड तास, सिंथेटिक हार्ड कोर्टवर खेळायलोय. वजन ८२ किलो, उजव्या हाताने खेळतो. उजव्या बुटाचा अंगठ्याखालचा सोल दोन महिन्यांत गुळगुळीत होतोय आणि पुढचं टोक फाटतंय. तीन कंपन्या बदलून झाल्या, फरक काही नाही. टिकणारी कंपनी कोणती ते एकदाचं सांगून टाका की.
— टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : आधी हिशेब करू. आठवड्याला साडेसात तास म्हणजे दोन महिन्यांत साठ-पासष्ट तास. हार्ड कोर्टवर ८० किलोच्या पुढच्या खेळाडूचा जोड ५० ते ६० तासांत थकला तर त्यात कंपनीने फसवलं असं नाही. सिंथेटिक कोर्टच्या अ‍ॅक्रिलिक रंगात सिलिका वाळू मिसळलेली असते. चेंडू नीट उसळावा आणि पाय सटकू नये म्हणून ती घालतात, आणि तीच वाळू रोज दीड तास तुमच्या सोलवर सँडपेपर फिरवते. कोर्ट नुकतंच रंगवलेलं असेल तर झीज आणखी लवकर होते.

तरीही तीन कंपन्या बदलून फरक पडत नाही, याचा अर्थ बूट कुठे झिजतोय ते कुणी पाहिलेलं नाही. टाकून द्यायला काढलेला जोड उलटा करून उजेडात धरा.

अंगठ्याच्या मुळाखाली रुपयाएवढा गोल टक्कल पडलाय? ती पाय रोवून गिरकी घेतल्याची खूण. फोरहँड मारताना सगळा भार तिथे येतो आणि पाय जागेवरच फिरतो. ही झीज टळत नाही. तिथे रबर किती जाड आहे आणि किती टणक आहे, एवढंच पाहायचं.

टोक आतल्या बाजूने घासलंय? ती सर्व्हिसची खूण. उजव्या हाताच्या खेळाडूचा उजवा पाय मागे असतो आणि चेंडू मारताना त्याचा अंगठा जमिनीवरून ओढला जातो. म्हणून एकाच पायाचा बूट फाटतो. डावखुऱ्यांचा डावा फाटतो. तुमच्या पत्रात या दोन्ही खुणा आहेत, त्यामुळे बूट निवडताना दोन जागा पाहायच्या : चवड्याखालचं रबर आणि अंगठ्यावर चढलेलं रबराचं नाक. नाक नुसतं रंगाने किंवा पातळ फिल्मने दाखवलेलं नको. सोलचं रबरच वर वळून अंगठ्याच्या आतल्या बाजूपर्यंत आलेलं हवं. नख रुतवून पाहिलं की रबर कोणतं आणि फिल्म कोणती ते लगेच कळतं.

करंगळीजवळचं कापड फाटत असेल तर बाहेरून आणि आतून, दोन्हीकडून पाहा. बाहेरून खरवडलं असेल तर कोर्टचं काम. आतलं अस्तर आधी फाटलं असेल तर बूट अरुंद आहे, आणि पाय सोलच्या काठावरून बाहेर ढकलला जातोय. टाचेच्या अस्तराला आतून भोक पडलं असेल तर टाच बुटात खालीवर होतेय. याचं सर्रास कारण म्हणजे लेस न सोडता बूट ओढून काढायची सवय.

आता कंपनीचं. प्रत्येक मोठ्या कंपनीचा टेनिसमध्ये एक दणकट आणि एक चपळ असे दोन प्रकार असतात, आणि दुकानदार बहुतेक वेळा हलका म्हणून चपळच हातात देतो. असिक्सचा जेल-रिझोल्यूशन आणि आदिदासचा २००० साली आलेला बॅरिकेड हे दणकट घराण्यातले. असिक्सचाच सोल्यूशन स्पीड किंवा आदिदासचा उबरसॉनिक हे चपळ. नऊ नंबरात दणकट बूट एका पायाला ४०० ग्रॅमच्या आसपास भरतो आणि चपळ साधारण ३२० ते ३५०. हे ५०-८० ग्रॅम बरेचसे रबरात, आधाराच्या पट्टीत आणि टाचेच्या कडक कपात गेलेले असतात. ८२ किलो वजन आणि आठवड्याला साडेसात तास खेळ, म्हणजे तुम्ही दणकट घराण्यातलाच घ्या. हलक्या बुटाने पाय चपळ होतो हे खरं, पण दोन महिन्यांनी तो बूट तुमच्या पायात नसतो.

दुकानात तीन गोष्टी हाताने करा. एका हातात टाच, दुसऱ्यात टोक धरून टॉवेल पिळतात तसा बूट पिळा. मधला भाग पिळला गेला तर तो बूट टेनिसचा नव्हे, नाव काहीही असो. मग टोक जमिनीला टेकवून टाचेवरून दाबा. बूट चवड्याच्या रेषेत वाकायला हवा. मधोमध वाकला तर परत ठेवा. शेवटी टाचेचा कप दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबा. पुठ्ठ्यासारखा आत गेला तर महिनाभरात टाच हलू लागेल.

शेवटचा उपाय खर्चिक वाटतो, पण तो स्वस्त पडतो. एकदम दोन जोड घ्या आणि आलटून पालटून घाला. मधल्या थरातला फोम दाबला गेल्यावर पूर्ववत फुगायला वेळ घेतो आणि घाम पूर्ण सुकायलाही एक दिवस लागतो. रोज तोच ओला, दबलेला जोड घातला की फोम आणि सोल चिकटवणारा गोंद दोन्ही लवकर जातात. काही कंपन्या काही मॉडेलांवर सहा महिन्यांची सोलची हमी देतात. ती भारतातल्या खरेदीला लागू आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा आणि बिल जपून ठेवा.

प्रश्न : माझा चवडा रुंद आहे. माप बरोबर घेऊनही करंगळी दुखते, आणि एक नंबर मोठा घेतला की टाच निसटते व अंगठ्याचं नख काळं पडतं. बायकांच्या बुटात रुंद मिळत नाही. काय करावं?
— कॅम्प, बेळगाव

उत्तर : ताई, लहानपणापासून चपलेत वावरलेला पाय पुढे मोकळा पसरलेला असतो. आपल्या भागात तर असे पाय घरोघरी. कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हाही आहे, ते उगाच नाही. असा पाय अरुंद साच्याच्या बुटात कोंबला की करंगळी ओरडणारच. नंबर वाढवून मिळते ती लांबी. तुम्हाला हवी आहे रुंदी.

माप घरी घ्या, तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. खेळताना घालता तेच मोजे घाला. भिंतीला कागद लावून टाच भिंतीला टेकवा, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभ्या राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून खूण करायला सांगा. स्वतः वाकून खूण केली की भार सरकतो आणि तीन-चार मिलिमीटर चुकतात. अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब असेल तर तेच माप धरा. दोन्ही पाय मोजा आणि मोठा पाय खरा माना.

आता बुटाची जीभ उलटा. तिच्या आतल्या लेबलवर यूके, यूएस, युरोपी नंबराबरोबर सेंमीही छापलेलं असतं. पाय २४.३ आला तर २४.५ बघायचा. सेंमीचा आकडा पायाच्या लांबीचा असतो, पुढची मोकळी जागा साच्यात आधीच धरलेली असते. तरी एकाच आकड्याला कंपनीगणिक अर्ध्या नंबराचा फरक पडतो, म्हणून घालून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. यूके मापात अर्धा नंबर म्हणजे सव्वाचार मिलिमीटर. ऐकायला थोडे, पण नखाचा जीव तेवढ्यावरच अवलंबून असतो.

रुंदीची अक्षरं वेगळी असतात. बायकांचा नेहमीचा साचा बी, रुंद डी. पुरुषांचा नेहमीचा डी, रुंद टू-ई. म्हणजे पुरुषांच्या विभागातला साधा बूटच तुमच्यासाठी रुंद ठरतो. सेंमी जुळवून तोच घालून बघा. रंग आवडणार नाही कदाचित, पण करंगळी वाचेल. न्यू बॅलन्स आणि असिक्स काही टेनिस मॉडेलं रुंद साच्यातही काढतात. ती दुकानात मांडलेली नसतात, मागवून घ्यावी लागतात.

काळ्या नखाचा दोष बहुतेकदा लेसचा असतो. पाय आत पुढे सरकतो आणि नख टोकावर आपटतं. यावर टाच-बांध घाला. सगळ्यांत वरचं जास्तीचं भोक, जे कुणी वापरत नाही, ते याचसाठी असतं. लेस त्याच बाजूच्या वरच्या भोकात बाहेरून आत घाला म्हणजे दोन्हीकडे एकेक छोटा फास तयार होईल. उजवी लेस डाव्या फासातून, डावी उजव्या फासातून ओवा. टाच मागे आपटून बसवा, लेसची टोकं मागच्या दिशेने ओढा आणि मग गाठ मारा. चवड्यावरच्या खालच्या दोन ओळी मात्र सैल सोडा, करंगळीला तिथेच जागा लागते. नखं खेळायच्या आदल्या दिवशी सरळ कापा, कोपरे गोल करू नका.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी सेलमध्ये दोन जोड घेतले, एक वापरला, दुसरा बॉक्समध्ये तसाच नवा ठेवला. परवा पहिल्यांदा घातला आणि दुसऱ्या गेमला दोन्ही सोल टोकापासून उघडले. मधला पांढरा थर तर चुरा होऊन पडला. नवा माल असा कसा?
— निपाणी

उत्तर : तुमच्यापुरता तो नवा होता, पण जन्माला येऊन त्याला चारपेक्षा जास्तच वर्षं झाली असतील. काही बुटांचा मधला थर पॉलियुरेथेन नावाच्या प्लॅस्टिक फोमचा असतो. हा पदार्थ पहिल्या दिवशी उत्तम टिकाऊ, पण हवेतली ओल शोषून आतल्या आत तुटत जातो. बाहेरून डाग नाही, वास नाही, आणि पहिला उडी-धक्का बसला की पिठासारखा गळतो. पावसाळ्यात कपाटाच्या भिंतींना ओल येते अशा घरांत तो लवकर जातो. सोल चिकटवणारा पदार्थही वयाने सुटतो. दुसरा प्रकार ईव्हीए नावाच्या हलक्या फोमचा. तो असा चुरत नाही, पण वर्षानुवर्षं पडून कडक होतो.

म्हणून बूट साठवायचा नसतो. जिभेच्या लेबलवर बहुतेक कंपन्या उत्पादनाचा महिना-वर्ष बारीक आकड्यांत छापतात. सेलमध्ये किंमत बघायच्या आधी ते वाचा. दीड-दोन वर्षांपेक्षा जुना असेल तर निम्म्या किमतीतही तो स्वस्त नाही. राखीव जोड ठेवायचाच असेल तर बॉक्सबाहेर, हवेशीर जागी ठेवा आणि पंधरवड्यातून एकदा घालून घरात फिरा. घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिक पिशवीत ओल आत कोंडते, तिथे तर नकोच.

प्रश्न : बुटाच्या नाकाला बारीक भोक पडलंय, बाकी बूट चांगला आहे. फेव्हिक्विक लावलं, चार दिवसांत निघालं. कारागीर म्हणतो, सोलच शिवून देतो. द्यावा का?
— शहापूर, बेळगाव

उत्तर : फेव्हिक्विकसारखा गोंद वाळल्यावर काचेसारखा ताठ होतो. बूट प्रत्येक पावलाला वाकतो, त्यामुळे तो तडकणारच. अरल्डाइटचंही तेच. तुम्हाला वाळल्यावरही रबरासारखा लवचिक राहणारा पदार्थ हवा. बूट दुरुस्तीसाठी पॉलियुरेथेनच्या ट्यूब मिळतात, शू-गू नावाची परदेशी ट्यूबही ऑनलाइन मिळते.

काम असं करा. धुऊन पूर्ण एक दिवस सुकवा. भोकाभोवती दोन बोटं रुंदीचा भाग ८० नंबरच्या सँडपेपरने खरखरीत करा, रबराचा चकचकीतपणा गेला पाहिजे. स्पिरिटच्या बोळ्याने पुसा आणि वाळू द्या. कडेने सेलोटेपची छोटी भिंत घाला, नाहीतर पदार्थ ओघळून लेसच्या भोकापर्यंत जातो. मग दोन-तीन मिलिमीटर जाड थर द्या, पाण्यात बुडवलेल्या बोटाने गुळगुळीत करा आणि दोन दिवस हात लावू नका. ट्यूबवर चोवीस तास लिहिलेले असले तरी जाड थर आतून कच्चा राहतो, आणि पावसाळ्यात ट्यूबवरच्या वेळेवर मुळीच जाऊ नका. तिथे तीन दिवस धरा.

खरं तर हे भोक पडण्याआधी करायचं काम. नवा जोड पाच-सहा तास खेळला की नाकावर घासल्याची रेघ उमटते. त्या रेघेवरच पहिला थर चढवला की नाकाचं आयुष्य बरंच वाढतं. भोक पडल्यावर तुम्ही ठिगळ लावता, आधी लावलं तर चिलखत.

शिवायचं विचाराल तर कारागिराच्या हाताला नावं ठेवण्याचं कारण नाही, चामड्याच्या चपलेत तो वाकबगार असेल. पण टेनिसचा सोल चिकटवून, दाबून बसवलेला असतो. कडेच्या पातळ रबरातून सुई गेली की प्रत्येक टाका एक भोक, आणि तिथूनच पुढे चीर जाते. सोल फक्त टोकाला उघडला असेल तर शिवण्याऐवजी नीट खरवडून, सोल्युशन नावाच्या गोंदाचा पातळ थर दोन्ही बाजूंना लावून, तो हाताला चिकटेनासा झाल्यावर दाबून, रात्रभर दोरीने आवळून ठेवायला सांगा. ओलं असताना दाबलं तर पकड येत नाही. घाईत चुकतं ते इथेच.

चवड्याखालची नक्षी पूर्ण गुळगुळीत झाली असेल, किंवा रबराखालचा दुसऱ्या रंगाचा थर दिसू लागला असेल, तर मात्र दुरुस्ती थांबवा. घसरून गुडघा दुखावण्यापेक्षा तो जोड बागकामाला वापरलेला बरा.

प्रश्न : आमच्याकडे तांबड्या मातीचं कोर्ट आणि पाऊस किती ते सांगायला नको. बूट चार-चार दिवस सुकत नाहीत, वास येतो. चुलीजवळ ठेवले तर सोल वाकला. मातीसाठी वेगळा बूट लागतो का?
— खानापूर

उत्तर : चूल, गीझरची भिंत, गाडीच्या काचेखालचं ऊन, तिन्ही वर्ज्य. उष्णतेने गोंद मऊ पडतो आणि फोम आकसतो. घरी आल्याबरोबर लेस पूर्ण सैल करा, जीभ बाहेर ओढा, आतली गादी काढून वेगळी ठेवा. वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि तासाभराने ते फेकून नवे भरा. पहिला बोळाच सगळ्यांत जास्त पाणी पितो, तो रात्रभर आत ठेवून काही उपयोग नाही. दोन-तीन वेळा बदलून झाल्यावर बूट आडवे करून पंख्यासमोर, तोंड वाऱ्याकडे करून ठेवा. सकाळपर्यंत घालण्याजोगे होतात. वास येतो तो ओल्या गादीतल्या जिवाणूंचा. पावसाळ्यापुरती गादीची एक जादा जोडी ठेवा, ती बुटाच्या मानाने फारच स्वस्त पडते.

मातीचे डाग ओले असताना चोळलेत तर तांबडा रंग जाळीत कायमचा बसतो. आधी वाळू द्या, कोरड्या ब्रशने झटका, मग कोमट पाण्यात थोडा साबण आणि जुना टूथब्रश. ब्लीचिंगने पांढरा बूट पिवळा पडतो. वॉशिंग मशीन नको.

मातीवर वेगळा बूट असावा, हो. क्लेच्या, म्हणजे मातीच्या कोर्टच्या, बुटाच्या सोलवर टोकापासून टाचेपर्यंत सलग माशाच्या काट्यासारखी नक्षी असते. ती माती धरते, घसरण ताब्यात ठेवते आणि पाय आपटला की माती सोडते. हार्ड कोर्टच्या बुटात मधेमधे सपाट भाग असतात, तिथे ओली माती लिंपली की पाय घसरगुंडीवर. उलट क्लेचा बूट सिमेंटवर नेऊ नका, त्याचं रबर मऊ असतं. एकच घ्यायचा असेल तर ऑल-कोर्ट, म्हणजे सगळ्या कोर्टांवर चालणारा घ्या, फक्त चवड्याखाली सलग काट्याची नक्षी असलेला बघून. ग्रासचा, म्हणजे गवताच्या कोर्टचा बूट कुणी स्वस्तात देऊ केला तर घेऊ नका. त्याच्या सोलवरचे बारीक फोड हार्ड कोर्टवर पाहता पाहता उडतात.

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची, अकादमीत जाते. पाय वाढतोय म्हणून दोन नंबर मोठा घेऊ का? घरात बॅडमिंटनचा चांगला जोड आहे, तो चालेल का?
— चिकोडी

उत्तर : दोन नंबर म्हणजे यूके मापात सतरा मिलिमीटर. एवढ्या मोकळ्या बुटात तिचा पाय वळेल आणि बूट जागेवर राहील. घोटा मुरगळतो तो असाच. उभी असताना अंगठ्यापुढे हाताचा अंगठा आडवा बसेल एवढी जागा पुरे, आणि दर तीन महिन्यांनी ती पुन्हा दाबून पाहा. मोठ्यांसाठीचा महागडा दणकट बूट तिला नको, तो झिजायच्या आधी तिचा पाय मोठा होईल. मधल्या किमतीचा चालेल.

बॅडमिंटनचा जोड लाकडी किंवा मॅटच्या कोर्टसाठी मऊ गम रबराचा असतो. हार्ड कोर्टवर तो पेन्सिलच्या खोडरबरासारखा झिजेल, आणि टोकाला संरक्षणही नसतं. रनिंगचा बूट त्याहून वाईट. सरळ धावण्यासाठी त्याची टाच उंच आणि मऊ ठेवलेली असते, बाजूला झेप घेतली की तीच टाच कलंडते.

प्रश्न : वय ५४, सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं टाच प्रचंड दुखते, नंतर ओसरते. जास्त मऊ बूट घेऊ का?
— अनगोळ, बेळगाव

उत्तर : आधी डॉक्टरांना दाखवा, हे दुखणं बुटाने सुरू झालेलं असेलच असं नाही. बुटापुरतं सांगायचं तर फार मऊ फोममध्ये टाच डगमगते आणि तळव्यावरचा ताण वाढू शकतो. सध्याचा जोड टेबलावर ठेवून मागून पाहा. टाच आत किंवा बाहेर कललेली दिसली, किंवा मधल्या थरावर आडव्या सुरकुत्या पडून अंगठ्याने दाबल्यावर तो दगडासारखा लागला, तर सोलची नक्षी शाबूत असली तरी बूट संपलेला आहे. दोन्ही जोड डॉक्टरांकडे बरोबर घेऊन जा, खेळायचा आणि घरात घालायचा.